अर्जाची सुरुवात तुझ्या वहीतून कर

ताई, सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातली. वय २५. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे कृषी अभियांत्रिकीत बी.टेक. सीजीपीए ७.१. तिसऱ्या सत्रात एक विषय राहिला होता, तो पुढच्या परीक्षेत निघाला. जून २०२२ पासून एका संस्थेत पाण्यावर काम करते. दोन गावांतल्या ४३ विहिरींची पातळी दर पंधरा दिवसांनी मोजते आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडते. मला ऑक्सफर्डला पाण्याच्या विषयात एक वर्षाचं मास्टर्स करायचं आहे. पण माझ्याकडे दाखवण्यासारखं काहीच नाही. पेपर नाही, कॉन्फरन्स नाही, कॉलेजचं नाव कुणाला माहीत नाही. एक कन्सल्टंट म्हणतात, ६५ हजार भरा, एसओपी (अर्जासोबतचं निवेदन) आणि शिफारसपत्रं आम्हीच तयार करू, शिवाय प्रोफाइल वाढवायला दोन पेपर छापून देऊ. अण्णा म्हणतात, तुझं नक्की असेल तर दोन एकर गहाण टाकू. भावकीत लग्नाची बोलणी चालू आहेत. कन्सल्टंटनी दिलेला एसओपीचा नमुना सोबत पाठवते. मी उगाच मोठी स्वप्नं बघतेय का, ते स्पष्ट सांगा.

ता. क. आज १७ नंबरच्या विहिरीचं कोडं परत डोक्यात घोळतंय. मार्च २०२४ मध्ये तिच्या शेजारी पाचशे फुटांचे दोन बोअर पडले. तोवर ११ मीटरवर पाणी लागायचं. त्यानंतरच्या दुसऱ्या मोजणीला टेप कोरडाच वर आला. पण तिथून दोनशे मीटरवरची १८ नंबरची विहीर बोटभरही हलली नाही. लोक म्हणतात तिच्यावर देवीचा हात आहे. मला कारण सापडत नाही.

— एक वाचक, ता. आष्टी

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि ताजा कलम चार वेळा. त्याच्याकडे येतेच, पण आधी पैशांचं बोलते, कारण पत्राच्या सुरावरून वाटतं की तू येत्या आठवड्यात ते भरून मोकळी होशील.

ते ६५ हजार भरू नकोस. फॉर्म कसा भरायचा, व्हिसाला कोणते कागद लागतात हे नीट सांगणारे आणि तेवढ्याचेच पैसे घेणारे सल्लागार आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जो माणूस तुझं निवेदन स्वतः लिहितो, तुझ्या सरांच्या नावाने शिफारसपत्र तयार करतो आणि तुझ्या नावावर पेपर छापून आणतो, तो तुला खड्ड्यात घालतोय. अर्जाच्या शेवटी दिलेली सगळी माहिती खरी आहे असं आपण लिहून देतो. ते खोटं निघालं तर मिळालेला प्रवेश काढून घेतात, तिथे पोचल्यावरसुद्धा. तेव्हा निस्तरायला तू एकटी असशील.

पेपरांचं तर मुद्दाम सांगते. मी काही वर्षं एका शिष्यवृत्तीच्या निवड समितीसाठी अर्ज वाचले आहेत. समितीत त्या त्या विषयातली माणसं बसलेली असतात. पैसे भरले की काहीही छापणारी नियतकालिकं त्यांना नावानिशी ठाऊक असतात, आणि नाव ओळखीचं नसलं तरी पेपरची पहिली दोन पानं वाचून त्यांना कळतं. मग त्या एका ओळीमुळे ती उरलेल्या अर्जाकडेही संशयाने बघायला लागतात. तुझ्या ४३ विहिरी खऱ्या आहेत. विकतच्या पेपरांशेजारी ठेवल्यास तर त्यांच्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. मी हे डोळ्यांनी बघितलं आहे. चांगलं काम केलेल्या एका मुलाचा अर्ज अशा दोन ओळींपायी बाजूला पडला. त्याने खरोखर काय केलं होतं, ते वाचायला कुणी थांबलंच नाही.

आता ‘माझ्याकडे दाखवण्यासारखं काहीच नाही’ या तुझ्या वाक्याकडे. मी कागद घेऊन हिशेब केला. ४३ विहिरी, महिन्यातून दोनदा, तीन वर्षं. तीन हजारांवर नोंदी होतात. सरकारी यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी साधारण वर्षातून चार वेळा मोजतात, आणि त्या विहिरी एकमेकींपासून लांब असतात. तुझ्याकडे मात्र दोन गावांचं पाणी पंधरा-पंधरा दिवसांनी उतरताना आणि चढताना लिहिलेलं आहे. त्यात २०२३ चा ऑगस्ट आहे. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो. त्या महिन्यात तुझ्या गावातली कोणती विहीर आधी आटली, कोणती टिकली आणि शेवटी बायका हंडे घेऊन कुठे गेल्या, हे तुझ्या वहीशिवाय कुठेही लिहिलेलं नाही. ऑक्सफर्डच्या ग्रंथालयातही नाही.

कन्सल्टंटनी दिलेल्या नमुन्याची सुरुवात मराठीत अशी होते: ‘पाणी हेच जीवन आहे. लहानपणापासूनच मला जलक्षेत्राविषयी विलक्षण ओढ होती. झपाट्याने बदलणाऱ्या आजच्या जगात शाश्वत जलव्यवस्थापन ही काळाची गरज आहे. आपल्या जगविख्यात विद्यापीठात शिकून मला देशाची सेवा करायची आहे.’ यातलं एकही वाक्य खोटं म्हणता येणार नाही, आणि एकही तुझं नाही. लातूरच्या मुलाने लिहिलं तरी हेच, केनियातल्या मुलीने लिहिलं तरी हेच. वाचणारा ते वाचत नाही, त्याची नजर नुसती खाली घसरत जाते.

आणि त्याच लिफाफ्यात तुझा ताजा कलम. अकरा मीटर. मार्च २०२४. दोन बोअर. कोरडा टेप. दोनशे मीटरवर न हललेली दुसरी विहीर. देवीचा हात. आणि शेवटी, ‘मला कारण सापडत नाही.’ अगं, हेच तुझं निवेदन आहे! एवढ्या चार ओळींत तू काय मोजतेस, किती नेमानं मोजतेस, गावातली माणसं त्याचा अर्थ कसा लावतात आणि तुझं ज्ञान कुठे येऊन अडतं, हे सगळं आलं. मला कारण सापडत नाही, असं लिहिताना तुला कमीपणा वाटला असेल. निवड करणाऱ्याला नेमकं तेच वाचायचं असतं. ज्याला सगळं सापडलेलं आहे त्याला ते कशाला शिकवतील?

आपल्याकडचा काळा पाषाण थराथरांचा आहे. कुठे भेगा, कुठे मुरूम, कुठे घट्ट दगड, मध्येच एखादी उभी दगडी भिंत. त्यामुळे बांधाला बांध लागून असलेल्या विहिरींचं पाणीही वेगवेगळं वागू शकतं. तुझ्या दोन विहिरींमध्ये नेमकं काय आहे, हे शोधायचं तंत्र तुला शिकायचंय. ही झाली विज्ञानाची बाजू. दुसरी बाजू तू पत्रात लिहिलीच नाहीस, पण ती तुला माहीत असणार. महाराष्ट्राचा भूजलाचा कायदा २००९ चा आहे. अधिसूचित क्षेत्रात, म्हणजे सरकारने भूजल जपण्यासाठी जाहीर केलेल्या भागात, ६० मीटरपेक्षा खोल जायला त्यात बंदी आहे. पाचशे फूट म्हणजे दीडशे मीटर झाले. तुझं गाव अधिसूचित क्षेत्रात येतं का ते आधी तपास, न तपासता एक अक्षरही लिहू नकोस. पण येत असो वा नसो, बोअरची गाडी गावात येते तेव्हा काय होतं, कोण बोलतं, कोण गप्प बसतं, १७ नंबरवाल्याने नंतर काय केलं, हे तू जवळून बघितलं आहेस. ऑक्सफर्डच्या ज्या अभ्यासक्रमाबद्दल तू लिहितेस, त्याच्या नावातच पाण्याचं विज्ञान, धोरण आणि व्यवस्थापन असे तीन शब्द आहेत. तुझी १७ नंबरची विहीर तिन्हींत बसते.

मी तुझ्या जागी असते तर सुरुवात साधारण अशी केली असती: ‘दर पंधरा दिवसांनी मी ४३ विहिरींत टेप सोडते. मार्च २०२४ मध्ये १७ क्रमांकाच्या विहिरीजवळ दोन खोल बोअर झाले आणि महिनाभरात ती आटली. दोनशे मीटरवरच्या १८ क्रमांकाच्या विहिरीत काहीच फरक पडला नाही. ग्रामसभेत मला कारण विचारलं, तेव्हा माझ्याकडे आकडे होते, उत्तर नव्हतं.’ हे जसंच्या तसं उचलू नकोस, हे माझं लिखाण झालं. तू तुझ्या शब्दांत लिही, आधी मराठीत. मराठीत नीट उतरलं की मग इंग्रजीत ने. उलट केलंस तर परत ‘काळाची गरज’ येऊन बसेल.

सुरुवातीनंतर काय, तर ग्रामसभा. ताळेबंद मांडल्यावर कुणी उसाऐवजी ज्वारी-हरभरा लावला का, कांद्याचं क्षेत्र कमी केलं का? कुणीच ऐकलं नसेल तर तेही लिही, आणि तुला त्यावरून काय कळलं ते लिही. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद गावाच्या अंगवळणी पाडला, ते सगळ्यांना माहीत आहे. आपल्या गावात ते का जमत नाही, हे सांगणारी माणसं फार कमी भेटतात. त्यानंतर अभ्यासक्रमातलं नेमकं काय तुला हवंय ते. त्यासाठी त्यांच्या संकेतस्थळावरची विषयांची यादी समोर घेऊन बस आणि प्रत्येक विषयापुढे तुझ्या कामातला एक अडलेला प्रसंग लिहून बघ. जिथे प्रसंग सुचेल तो विषय निवेदनात येईल, जिथे सुचणार नाही तो सोडून दे. प्राध्यापकांची नावं नुसती ओवू नकोस. एखाद्याचं काम खरंच वाचलं असशील तर एकाचंच नाव पुरे. शेवटी परत येऊन काय करणार. ‘देशाची सेवा’ म्हणू नकोस, तालुक्याचं नाव घे.

आपल्याकडची एक गोष्ट आठवते. १८८३ सालच्या जूनमध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेत पोचल्या होत्या, वय १८. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी तिथल्या अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. आपण प्रवेशाच्या सगळ्या अटींत बसतोच असं नाही, हे त्यांनी त्यात सरळ कबूल केलं. मग सांगितलं की मित्रांचा आणि जातीतल्या लोकांचा विरोध पत्करून मी इथवर आले आहे, आणि माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार करून घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला हे शिकायचं आहे. स्वतःची उणीव, इथवर येण्याची किंमत आणि कुणासाठी, सगळं थोडक्यात. प्रवेश मिळाला, १८८६ च्या मार्चमध्ये त्या पदवीधर झाल्या. आज जिला आपण एसओपी म्हणतो ती मराठी मुलीने इतक्या आधी लिहून ठेवली आहे. तुझा अर्ज लिहिताना तुला ती शेजारी बसलेली वाटू दे.

राहिलेल्या विषयाचं तेच. लपवायचा नाही आणि रडायचंही नाही. गुणपत्रिकेवर तो दिसणारच आहे. एक ओळ पुरे: अमुक सत्रात अमुक विषय राहिला, पुढच्या परीक्षेत इतक्या गुणांनी निघाला. त्या काळात घरी काही झालं असेल तर तेही एका वाक्यात. शेवटच्या दोन सत्रांत गुण चढत गेले असतील तर तुझ्या सरांनी ते शिफारसपत्रात लिहिलेलं जास्त शोभेल. आणि सीजीपीएचे टक्के स्वतः काढत बसू नकोस. फॉर्ममध्ये जसा मागितला आहे तसाच भर, १० पैकी ७.१. भारतीय गुणांचा अर्थ कसा लावायचा याचा प्रत्येक विद्यापीठाचा स्वतःचा तक्ता असतो. पदवीची किमान अट तिथे कडक असते हे खरं आहे, तेव्हा तो तक्ता बघूनच विद्यापीठं निवड. अटीत बसत नसशील तर तिथे अर्ज करून फी घालवू नकोस.

आता शिफारसपत्रं. आपल्या मुलांचे अर्ज सगळ्यात जास्त इथेच मार खातात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तू सरांकडे जाशील. सर म्हणतील, ‘तूच लिहून आण गं, मी सही करतो.’ त्यात त्यांचा वाईट हेतू नसतो. साठ-सत्तर पोरांची कामं असतात, इंग्रजीत पत्र लिहायचा सराव नसतो. पण तू लिहिलेलं पत्र तुझ्याच भाषेत असेल, आणि निवेदन व तीन पत्रं एकाच हातची आहेत हे वाचणाऱ्याला दुसऱ्या पानावर कळतं. माझ्या पहिल्या अर्जाच्या वेळी मी नेमकं हेच केलं होतं. तिन्ही पत्रं माझी, सह्या सरांच्या, आणि तिन्हींत ‘कष्टाळू, प्रामाणिक, नम्र’. तो अर्ज फेटाळला गेला. पुढच्या वर्षी एका सरांनी स्वतःच्या साध्या इंग्रजीत सहा ओळी लिहिल्या. प्रयोगशाळेतलं उपकरण बिघडलं तेव्हा मी सुट्टीच्या दिवशी येऊन ते उघडलं होतं, त्याची गोष्ट. मुलाखतीत मला पहिला प्रश्न त्या उपकरणावरच विचारला.

तेव्हा सरांकडे रिकाम्या हाताने जाऊ नकोस, पण लिहिलेलं पत्रही नेऊ नकोस. एका पानाचं टिपण ने. तुम्ही मला कोणता विषय शिकवला, कोणत्या वर्षी, माझा प्रकल्प काय होता, त्यात काय बिनसलं, मी काय केलं, तुम्हाला आठवत असेल असा एखादा प्रसंग, आता मी काय करते, कुठे अर्ज करते, शेवटची तारीख कोणती. हे मराठीत लिहिलंस तरी चालेल. आणि हात जोडून सांग, ‘सर, इंग्रजी साधं असू दे, पण तुमचं असू दे.’ बहुतेक शिक्षक हे ऐकतात. त्यांना कुणी कधी विचारलेलंच नसतं.

ऑक्सफर्डसारख्या ठिकाणी दोन किंवा तीन शिफारसी लागतात. किती, ते अभ्यासक्रमाच्या पानावर असतं. एक तुझ्या प्रकल्पाच्या मार्गदर्शकांची, एक तुझा विषय नीट शिकवलेल्या दुसऱ्या सरांची किंवा मॅडमची, एक तुझ्या संस्थेतल्या, तुला रोज काम करताना बघणाऱ्या वरिष्ठांची. संस्थाचालक, प्राचार्य, आमदार, कुणाचंही पद बघून पत्र घेऊ नकोस. ज्याने तुला टेप घेऊन विहिरीत वाकलेलं बघितलंय त्याचं पत्र घे. सरपंचांचं पत्र शिफारस म्हणून चालणार नाही, पण तुझ्या आलेखावरून ग्रामपंचायतीने एखादा ठराव केला असेल तर त्याची तारीख आणि विषय निवेदनात घाल.

एक बारीक पण अडणारी गोष्ट. फॉर्ममध्ये तू सरांचा ईमेल भरलास की विद्यापीठाकडून त्यांना परस्पर दुवा जातो, त्यावर त्यांनी पत्र चढवायचं असतं. कॉलेजच्या नावाचा ईमेल असेल तर तोच द्यायला सांग. आपल्याकडे पुष्कळ शिक्षक खासगी ईमेलच वापरतात, म्हणून आधी कॉलेजच्या कार्यालयात जाऊन सरांना संस्थेचा ईमेल मिळतो का ते बघ. तो दुवा कचऱ्याच्या फोल्डरमध्ये पडतो, सरांना ओटीपी येत नाही, वीज जाते. शेवटच्या तारखेच्या तीन आठवडे आधी त्यांच्या शेजारी बसून ते काम पुरं कर. पत्रात काय लिहिलंय ते मात्र बघू नकोस.

नावाचंही तपास, आजच. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर क्रम वेगळा, कधी एका अक्षराचा फरक. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेला पासपोर्टवरचंच नाव लागतं. फरक असेल तर तो दुरुस्त करायला किंवा प्रतिज्ञापत्र करायला वेळ जातो. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा, काढायलाही परीक्षा विभागात खेपा होतात. हे दोन्ही ऑगस्टमध्येच उरकून घे.

इंग्रजीची भीती तू लिहिली नाहीस, पण ओळींमधून दिसली. आयईएलटीएसला ऑक्सफर्डची वरची अट एकूण ७.५ आणि प्रत्येक भागात किमान ७ अशी आहे. इतर ठिकाणी बहुधा ती थोडी खाली असते. मराठी माध्यमाच्या मुलांचे गुण बोलण्यात जात नाहीत, लिहिण्यात जातात. रोज एक पान लिही आणि कुणाकडून तरी तपासून घे. निकाल दोन वर्षं चालतो, त्यामुळे घाईने पहिल्याच महिन्यात परीक्षेला बसू नकोस.

आता जमीन. अण्णांना माझा नमस्कार सांग आणि दोन एकर गहाण टाकू नका म्हणून सांग. या अभ्यासक्रमाची नुसती फीच परदेशी विद्यार्थ्याला ३०,००० पौंडांच्या वर जाते, म्हणजे चौतीस-पस्तीस लाखांच्या पुढे, त्यावर राहण्याखाण्याचा खर्च. एका वर्षाच्या पदवीसाठी कोरडवाहू जमिनीवर एवढा बोजा चढवणं मला मान्य नाही, मग विद्यापीठाचं नाव कितीही मोठं असो. शिष्यवृत्ती मिळाली तर जा. नाही मिळाली तर पुढच्या वर्षी परत अर्ज कर, तोवर वहीत आणखी हजार नोंदी पडतील.

शिष्यवृत्त्यांत तुझ्यासाठी पहिली चेव्हनिंग. ब्रिटिश सरकारची, १९८३ पासूनची. एक वर्षाच्या मास्टर्ससाठी फी, राहण्याचा खर्च, विमानभाडं. किमान दोन वर्षांचा म्हणजे २,८०० तासांच्या कामाचा अनुभव लागतो, तो तुझ्याकडे आहे. परत येऊन दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं, ते तर तू राहणारच आहेस. फॉर्म साधारण ऑगस्टमध्ये खुला होतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या आसपास बंद होतो. त्यात तीन अभ्यासक्रम भरायचे असतात. ऑक्सफर्ड एक, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचा जलविज्ञान आणि जलसंपदा व्यवस्थापनाचा दुसरा, पण तिथे गणित जास्त आहे, ते झेपेल का बघ. तिसरा तूच शोध. चेव्हनिंगच्या निबंधांत नेतृत्व विचारतात. तिथे ‘मी टीमची लीडर होते’ असं लिहू नकोस. बोअरवाल्याला भर ग्रामसभेत तू प्रश्न विचारला असशील, किंवा एखाद्या आजीला टेप वाचायला शिकवलं असशील, ते लिही.

ऑक्सफर्डच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांना वेगळा अर्ज लागत नाही, पण मूळ अर्ज डिसेंबर-जानेवारीच्या मुदतीत पोचलेला लागतो. मुदत टळली की प्रवेश मिळाला तरी पैसे मिळत नाहीत. राज्य सरकारच्या योजनाही बघ. इतर मागास बहुजन कल्याण विभागाची परदेश शिष्यवृत्ती ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी आहे, राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी, सारथीची मराठा समाजासाठी. तू कोणत्या गटात येतेस ते लिहिलं नाहीस, म्हणून तिन्हींची नावं दिली. उत्पन्नाची आणि जागतिक क्रमवारीची अट जीआरनुसार बदलत राहते, यंदाचा जीआर स्वतः वाच, व्हॉट्सॲपवर फिरणारा नको. आणि १८९२ पासून चालत आलेली जे. एन. टाटा एंडाउमेंट आहे. ती कर्जरूपाने मदत देते, म्हणजे परत फेडायची असते, हे लक्षात ठेव.

फक्त इंग्लंडवर अडू नकोस. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला आयएचई ही पाण्याच्या शिक्षणालाच वाहिलेली संस्था आहे, आणि वाखेनिंगन विद्यापीठात जमीन व पाणी व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. ऊस, कालवे, भूजल आणि शेतकऱ्यांचे गट, हा सगळा तुझाच विषय तिथे शिकवतात. तुला ऑक्सफर्ड नावासाठी हवंय की अभ्यासक्रमासाठी, याचं उत्तर एकदा स्वतःला दे. नावासाठी हवं असेल तर ते निवेदनात उमटल्याशिवाय राहत नाही.

भावकीतल्या बोलण्यांबद्दल मी एवढंच सांगेन की अर्जाचं वेळापत्रक अण्णांना आणि आईला कागदावर दाखव. ऑगस्टला ट्रान्सक्रिप्ट, सप्टेंबरला सर, ऑक्टोबरला चेव्हनिंग, डिसेंबरला ऑक्सफर्ड, निकाल उन्हाळ्यापर्यंत. ‘तिला परदेशी जायचंय’ असं ऐकलं की घरातली माणसं बिचकतात. तारखा समोर असल्या की तीच माणसं ‘ट्रान्सक्रिप्ट आलं का’ असं विचारायला लागतात. जमीन गहाण टाकायला तयार झालेला बाप तुझ्यासाठी एक वर्ष थांबायलाही तयार होईल.

पुढची मोजणी कधी आहे, पंधरा ऑगस्टच्या आगेमागे ना? त्या दिवशी १७ आणि १८ या दोन्ही विहिरींवर जरा जास्त थांब. टेपसकट फोटो काढ, शेजारच्या शेतकऱ्याला ते बोअर किती खोल गेले आणि पाणी कितव्या फुटाला लागलं ते विचार, आणि जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत वहीत उतरव. त्याच संध्याकाळी पहिला परिच्छेद मराठीत लिहून मला पाठव. इंग्रजीचं आपण नंतर बघू.